पदवीला मानसशास्त्र शिकताना: प्रवेशापासून पदव्युत्तर अर्जापर्यंत

मानसशास्त्राच्या पदवीचा पहिला धक्का साधारणपणे पहिल्या सत्राच्या दुसऱ्या महिन्यात बसतो. माणसांची मने ओळखता येतील, स्वप्नांचे अर्थ लागतील, घरातल्या भांडणांची मुळे सापडतील, अशा अपेक्षेने आलेल्या विद्यार्थ्यासमोर मज्जापेशीची आकृती, स्वतंत्र आणि परतंत्र चल, मध्यमान आणि प्रमाण विचलन येऊन उभे राहते, आणि आपण चुकीच्या वर्गात तर बसलो नाही ना, अशी शंका त्याला येऊ लागते. तो योग्य वर्गातच बसलेला असतो. माणसांबद्दलची विधाने आपण सगळेच दिवसभर करत असतो: एकुलती एक मुले हट्टी असतात, मार दिल्याशिवाय पोर सुधारत नाही, डावखुरी माणसे जास्त हुशार असतात. अशा प्रत्येक विधानापुढे 'कशावरून?' हा प्रश्न ठेवायचा आणि त्याचे उत्तर मिळवण्याची शिस्तशीर रीत शिकायची, हे या तीन-चार वर्षांचे खरे काम आहे. पुढील मजकूर मुख्यतः महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतील, आणि त्यातही मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी

मानसशास्त्रासाठी बारावी कला शाखेतूनच व्हावी लागते, हा समज अजूनही अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात विज्ञान आणि वाणिज्य शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांनाही बी.ए.ला प्रवेश मिळतो, आणि ज्यांना जीवशास्त्राची व गणिताची थोडी सवय आहे त्यांना मेंदूविज्ञान आणि संख्याशास्त्र हे भाग तुलनेने सोपे जातात. अकरावी-बारावीला हा विषय घेतलेला नसेल, तर बालभारतीची या दोन इयत्तांची मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके सुट्टीत वाचून काढावीत. एनसीईआरटीची याच स्तरावरची पुस्तकेही इंग्रजी आणि हिंदीत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. दोन्ही संचांतील प्रकरणे बहुतांश तीच असल्यामुळे एक संकल्पना मराठीत वाचून लगेच ती इंग्रजीत वाचण्याचा सराव येथूनच सुरू करता येतो.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि नाव यांच्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे मानसशास्त्र तेथे मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत घेता येते का. काही ठिकाणी ते केवळ मायनर (दुय्यम) किंवा खुला ऐच्छिक विषय म्हणून शिकवले जाते, आणि हे दुसऱ्या वर्षी कळले तर महाविद्यालय बदलण्याची धावाधाव करावी लागते. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची: ती आहे का, प्रात्यक्षिकाच्या तुकडीत किती विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळतो का. तिसरी गोष्ट म्हणजे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याचा आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घेण्याचा, असे दोन्ही पर्याय खुले झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीनुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स निवडता येते. चौथे वर्ष आपल्या महाविद्यालयात चालते की त्यासाठी दुसरीकडे जावे लागेल, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

आणखी एक बाब पालकांनीही लक्षात घ्यावी. नोकरी सांभाळून बहिःस्थ पद्धतीने मानसशास्त्राची पदवी घेण्याचा मार्ग पूर्वी अनेकजण धरत असत. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह काही आरोग्यसंबंधित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम बंद केले आहेत. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली, तर शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेची आणि अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी.

प्रयोगशाळा: विषय खरा तेथे कळतो

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे उभे राहिले, हे वाक्य पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वहीत असते. आपल्याकडे ही परंपरा कोलकाता विद्यापीठात १९१५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. नरेंद्रनाथ सेनगुप्त हे या कामाचे प्रवर्तक. म्हणजे भारतातील मानसशास्त्रालाही सुरुवातीपासून प्रयोगशाळेचे दार आहे. असे असूनही अनेक विद्यार्थी प्रात्यक्षिकाकडे जर्नल पूर्ण करून सही घेण्याचे काम म्हणून पाहतात, आणि वरच्या वर्गातील मुलांचे जर्नल उतरवून काढतात. माझ्या मते पदवीच्या काळातील सर्वांत मोठे नुकसान येथे होते, कारण पुस्तकातील कोणतेही प्रकरण जे शिकवू शकत नाही ते एक साधा लाकडी फलक शिकवतो.

म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग बहुतेक प्रयोगशाळांत होतो. सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेषांपैकी एकीच्या टोकांना बाणाची अग्रे आणि दुसरीच्या टोकांना उलट दिशेने उघडणारी पिसे काढली, की पिसांची रेषा लांब दिसते; हे १८८९ मध्ये प्रथम मांडले गेले. प्रयोगाच्या फलकावर बाणाग्रांची रेषा पक्की असते आणि पिसांची रेषा सरकवून कमी-जास्त करता येते. मागच्या बाजूला मोजपट्टी असते, ती प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला, दिसत नाही. दोन्ही रेषा समान वाटतील तेथे थांबायला प्रयुक्ताला सांगायचे आणि मागचे माप टिपायचे, एवढेच काम. समजा पक्की रेषा १५ सेंटीमीटर असून प्रयुक्ताने २० प्रयत्नांत सरकती रेषा सरासरी १३.२ सेंटीमीटरवर समान ठरवली, तर भ्रम १.८ सेंटीमीटर, म्हणजे मूळ लांबीच्या १२ टक्के झाला.

आता २० प्रयत्न कसे वाटले आहेत, ते पाहावे. निम्मे प्रयत्न सरकती रेषा स्पष्टपणे लहान ठेवून वाढवत नेण्याचे असतात आणि निम्मे ती स्पष्टपणे मोठी ठेवून कमी करत आणण्याचे. शिवाय निम्म्या प्रयत्नांत सरकती बाजू उजवीकडे आणि निम्म्यांत डावीकडे असते. विद्यार्थी ही वाटणी पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत ती का केली, असे विचारले की गप्प होतात. कारण सोपे आहे. एका दिशेने सरकवत असलेला हात ठरावीक पद्धतीने लवकर किंवा उशिरा थांबू शकतो, आणि डावी-उजवी बाजू पाहण्यातही डोळ्याचा कल असू शकतो. सगळे प्रयत्न मोठ्याकडून लहानाकडे घेतले असते, तर मिळालेला १.८ सेंटीमीटरचा फरक पिसांमुळे आला की हाताच्या हालचालीमुळे, हे सांगण्याची सोयच उरली नसती. आपल्या निष्कर्षाला दुसरे कोणते कारण शक्य आहे, याचा विचार प्रयोगाच्या आधी करून ते कारण बंद करणे, याला नियंत्रण म्हणतात. हा फलक एकदा मन लावून हाताळला, की पुढच्या तीन वर्षांतील प्रत्येक संशोधनाकडे पाहण्याची नजर मिळते.

याच भ्रमाची पुढची गोष्टही जाणून घ्यावी. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी वेगवेगळ्या समाजांत तो मोजला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतील प्रौढांमध्ये भ्रम बराच मोठा आढळला, तर कलहारीतील सान शिकारी लोकांमध्ये तो जवळजवळ नव्हता. सरळ भिंती आणि काटकोनी खोल्यांच्या सवयीशी याचा संबंध असावा, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. त्यावर अजून वाद आहे. परंतु रेषा पाहण्यासारखी मूलभूत वाटणारी गोष्टसुद्धा सर्वत्र सारखी नसेल, तर केवळ अमेरिकन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांतून 'माणूस असा असतो' असे म्हणावे का, हा प्रश्न तेथून उभा राहतो. २०१० मध्ये हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायान यांनी हाच आक्षेप विस्ताराने मांडला. तुमच्या प्रयोगशाळेतील प्रयुक्त सातारचा, परभणीचा किंवा गडचिरोलीचा असेल, तर जर्नलमधील 'चर्चा' या भागात हा मुद्दा लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

जर्नल लिहिताना आकडे सुधारून लिहिण्याचा मोह टाळावा. निष्कर्ष अभ्युपगमाच्या, म्हणजे आधी मांडलेल्या अंदाजाच्या, विरुद्ध गेला, तर प्रयोग फसला असे होत नाही. प्रयुक्ताने अंतर्निरीक्षणाच्या वृत्तांतात, म्हणजे प्रयोगाच्या वेळी मनात काय चालले होते ते सांगताना, काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत नोंदवावे. मी मनातल्या मनात बोटाने मोजत होतो, असे एखाद्याने सांगितले, तर त्याचा भ्रम इतका कमी का आला, हे त्या एका वाक्यातून उलगडते. जर्नल उतरवणाऱ्याच्या हाती ते वाक्य कधीच लागत नाही. आरशात पाहून तारा काढण्याचा प्रयोग, स्ट्रूप परिणाम (शब्दाचा अर्थ आणि त्याच्या शाईचा रंग वेगळे असल्यावर होणारी गडबड), प्रत्यावाहन (आठवून सांगणे) आणि प्रत्यभिज्ञा (पाहून ओळखणे) यांची तुलना, आकांक्षा पातळी या सर्व प्रयोगांना हेच लागू आहे.

संख्याशास्त्राची भीती

दहावीनंतर गणित सुटले म्हणून कला शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय टाळावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण टाळून चालत नाही. दिलासा एवढाच, की पदवीच्या पातळीवर लागणारे गणित बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि वर्गमूळ यांच्या फारसे पुढे जात नाही. अवघड भाग अर्थ लावण्याचा आहे. पाच विद्यार्थ्यांचे गुण ४, ६, ७, ८, १० आहेत असे समजा. मध्यमान ७. प्रत्येकाचे विचलन उणे ३, उणे १, शून्य, १, ३. त्यांचे वर्ग ९, १, ०, १, ९ आणि बेरीज २०. पाचने भागून ४, वर्गमूळ २; हेच प्रमाण विचलन. आता दुसऱ्या गटाचे गुण १, ७, ७, ७, १३ घ्या. मध्यमान पुन्हा ७ येते, पण प्रमाण विचलन जवळपास ३.८. दोन्ही वर्गांची सरासरी सारखीच आहे, एवढे सांगणाऱ्याने काय झाकून ठेवले, ते या दोन ओळींत दिसते.

हीच आकडेमोड संगणकावर केली, तर पहिल्या गटाचे उत्तर २ ऐवजी २.२४ येते आणि विद्यार्थी गोंधळतो. यात चूक कोणाचीही नाही. संगणकीय प्रणाली बहुधा हे गुण मोठ्या समष्टीतून (संपूर्ण समूहातून) घेतलेला नमुना आहेत असे धरतात, म्हणून वर्गांच्या बेरजेला ५ ऐवजी ४ ने भागतात. कोणत्या सूत्राने उत्तर काढले, ते जर्नलमध्ये लिहून ठेवावे. जामोवी आणि जास्प या दोन्ही प्रणाली विनामूल्य असून साध्या संगणकावर चालतात, त्यामुळे महागड्या प्रणालीची नक्कल मिळवण्याची काही गरज नाही. प्रत्येक नवे सूत्र एकदा हाताने सोडवावे आणि मगच संगणकाकडे जावे.

सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टींच्या कमी-जास्त होण्यातील संबंध, शिकताना एक सवय लावून घ्यावी. जास्त वेळ मोबाइल पाहणाऱ्या मुलांची झोप कमी असते, अशी बातमी वाचली की तीन शक्यता कागदावर मांडाव्यात: मोबाइलमुळे झोप उडते, झोप लागत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला जातो, किंवा घरातील ताणासारखे तिसरेच कारण दोन्हींच्या मागे आहे. कोणती शक्यता खरी, हे केवळ सहसंबंधावरून सांगता येत नाही. रोजच्या वर्तमानपत्रातील एका बातमीवर हा सराव केला, तरी एका सत्रात फरक जाणवतो.

गाजलेले अभ्यास कसे वाचावेत

मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके काही गोष्टी वर्षानुवर्षे एकाच स्वरूपात सांगत आली आहेत. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून होत असताना ३८ जण नुसते पाहत राहिले, ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी उपलब्ध पुरावा तपासून, ३८ जणांनी स्वस्थ बसून पाहिल्याच्या कथेला आधार नसल्याचे दाखवले. त्या घटनेतून स्फुरलेले, बघ्यांच्या संख्येबद्दलचे प्रयोग वेगळे आहेत आणि त्यांचे मोल स्वतंत्रपणे ठरवावे लागते. पण कथा आणि प्रयोग यांची गल्लत करू नये. १९७१ चा स्टॅनफर्ड येथील तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थी कैदी आणि पहारेकरी झाले होते, तर आता, पहारेकऱ्यांना कसे वागायचे याच्या सूचना मिळाल्या होत्या या आक्षेपासह, सावधपणेच शिकवायला हवा. हाती आलेला खाऊ लगेच न खाता थांबू शकणारी मुले पुढे यशस्वी होतात, हा निष्कर्षही २०१८ च्या मोठ्या अभ्यासात, घरची परिस्थिती विचारात घेतल्यावर, बराच क्षीण झाला.

२०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्के अभ्यासांतच पुन्हा सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाला. हे ऐकून काही विद्यार्थी निराश होतात. मला मात्र या विषयाबद्दल सर्वाधिक आदर येथेच वाटतो, कारण आपलेच निष्कर्ष पुन्हा तपासून त्यांतील चुका जाहीरपणे छापण्याचे धैर्य फार थोड्या ज्ञानशाखांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर दाखवले आहे. तुम्ही उत्तरपत्रिकेत एखादा अभ्यास सांगताना तो कोणावर झाला, किती जणांवर झाला आणि पुन्हा करून पाहिल्यावर काय मिळाले, या तीन गोष्टींची टिपणे ठेवावीत.

उत्तरे लिहिताना याचा थेट उपयोग होतो. 'मिलग्राम यांनी सिद्ध केले की माणसे अधिकाऱ्यांचे ऐकतात' हे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी, येल विद्यापीठात मिलग्राम यांनी केलेल्या आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ प्रयोगात, दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) धक्के देण्याची आज्ञा मिळालेल्या ४० पुरुषांपैकी २६ जणांनी ४५० व्होल्टची कळ दाबली, म्हणजे ६५ टक्क्यांनी शेवटपर्यंत आज्ञा पाळली आणि १४ जणांनी ती मोडली, असे लिहिले की पुढच्या परिच्छेदात त्या १४ जणांबद्दल आणि प्रयुक्तांना झालेल्या मनस्तापाच्या नैतिक प्रश्नाबद्दल बोलण्याची वाट आपोआप उघडते. तसेच जेथे हमखास गोंधळ होतो अशा संकल्पनांची जोडीने उदाहरणे लिहून ठेवावीत. ऋण प्रबलन आणि शिक्षा ही अशीच जोडी. डोके दुखत असताना गोळी घेतली, दुखणे थांबले आणि म्हणून पुढच्या वेळी गोळी घेण्याची शक्यता वाढली, हे ऋण प्रबलन. उशिरा आल्याबद्दल दंड झाला आणि उशिरा येणे कमी झाले, ही शिक्षा. पहिल्यात वर्तन वाढते, दुसऱ्यात घटते.

अभ्यासाची रीत

स्मृतीचे प्रकरण शिकूनही तेच प्रकरण दहा वेळा वाचत बसणे, हे खेदाने सगळ्याच वर्गांत दिसते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो एकदा वाचल्यावर न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. विद्यापीठाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून तास संपल्यावर वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग वही उघडून राहिलेले लाल शाईने भरावे, आणि हाच भाग दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने आठवावा. अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच रात्री केलेल्या उजळणीपेक्षा टिकते, हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. मी दृश्य पद्धतीने शिकणारा आहे किंवा श्राव्य पद्धतीने, अशा वर्गवारीवर मात्र वेळ घालवू नये. त्या पद्धतीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, याला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ च्या एका आढाव्यात स्पष्ट झाले आहे.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी परिभाषेची एक वेगळी वही ठेवावी. एका पानाच्या डावीकडे मराठी संज्ञा, मध्ये इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे स्वतःच्या गावातले किंवा घरातले एक उदाहरण. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश या कामी उपयोगी पडतात. संकल्पना मराठीत समजून घेण्यात कोणताही कमीपणा नाही, उलट ती आईला किंवा धाकट्या भावाला मराठीत समजावून सांगता आली की ती खरी कळली आहे, असे समजावे. परंतु संशोधनपर लेख इंग्रजीत असतात, म्हणून दुसऱ्या वर्षापासून महिन्याला निदान एक लेख, शब्दकोश जवळ घेऊन, सारांशापासून चर्चेपर्यंत वाचण्याचा नेम ठेवावा.

चाचण्या, मित्रमंडळी आणि आपण स्वतः

मानसशास्त्रीय चाचणी म्हणजे प्रश्नांची यादी एवढेच नव्हे. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेली बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी जशीच्या तशी भाषांतरित करून भागले नाही, व्ही. व्ही. कामत यांना १९३० च्या दशकात तिचे प्रश्न बदलून, इथल्या मुलांवर ती वापरून, इथली प्रमाणके, म्हणजे प्राप्तांकांची तुलना करण्याची मापे, तयार करावी लागली. प्रमाणकांशिवाय मिळालेल्या प्राप्तांकाला काहीही अर्थ नसतो. म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांना चाचणी समजू नये, प्रयोगशाळेतील चाचण्यांची छायाचित्रे कोणाला पाठवू नयेत, आणि सरावासाठी कोणाची चाचणी घेतलीच, तर त्याची आधी संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे आणि निष्कर्ष शिक्षकांना दाखवल्याशिवाय त्याला सांगू नये.

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की बहुतेकांना एकेका विकाराची लक्षणे स्वतःत, आईवडिलांत आणि खोलीतील मैत्रिणीत दिसू लागतात. लक्षण आणि विकार यांत अंतर आहे: लक्षणे किती काळ टिकली आहेत, किती तीव्र आहेत आणि त्यांमुळे रोजचे जगणे किती अडले आहे, हे प्रशिक्षित व्यक्तीने तपासल्याशिवाय निदान होत नाही, आणि पदवीचा विद्यार्थी प्रशिक्षित व्यक्ती नव्हे. कोणी विश्वासाने मन मोकळे केले, तर ऐकून घ्यावे, नाव न चिकटवता. हे सांगताना दुसरी बाजूही तितकीच कळकळीने सांगावीशी वाटते. स्वतःच्या मनातील दुखण्याचे उत्तर मिळेल, म्हणून हा विषय घेणारे विद्यार्थी प्रत्येक वर्षी असतात आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु पाठ्यपुस्तक हा उपचार नव्हे. झोप, भूक, अभ्यास बिघडून काही आठवडे गेले असतील, तर महाविद्यालयातील समुपदेशकाकडे किंवा जवळच्या रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. टेलिमानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असते.

पदवीनंतरची दिशा तिसऱ्या वर्षाआधी ठरवावी

केवळ बी.ए. झाल्यावर समुपदेशक म्हणून पाटी लावता येत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांपासून सावध राहावे. मनोविकारतज्ज्ञ होण्यासाठी वैद्यकीय पदवी लागते. तो रस्ता वेगळा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि परिषदेच्या नोंदवहीतील नोंद आवश्यक असते. आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा त्याचा प्रमुख मार्ग होता आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही त्याचा उल्लेख आहे. नव्या धोरणात एम.फिल. पदवीच बंद करण्याचे ठरल्याने हा मार्ग सध्या बदलत आहे. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाची मान्यताप्राप्त यादीच प्रमाण मानावी, वरच्या वर्गातील मुलांनी सांगितलेली नव्हे. शालेय समुपदेशन, औद्योगिक मानसशास्त्र व मनुष्यबळ, अध्यापनासाठी नेट-सेट, विशेष मुलांसाठीचे शिक्षण या दिशांनाही एम.ए. किंवा तत्सम पात्रता बहुधा लागतेच.

त्यामुळे क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक कोठेतरी उरकून टाकू नयेत. पुण्यात १९६२ पासून काम करणारी ज्ञान प्रबोधिनी, १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करणारे मुक्तांगण, ठाण्यात १९९० पासून असलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), किंवा पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, यांपैकी आपल्या आवडीच्या क्षेत्रात काम करणारी संस्था शोधावी आणि विभागप्रमुखांचे पत्र घेऊन सत्राच्या सुरुवातीलाच लेखी विचारणा करावी. लहान गावात असाल, तर विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम किंवा अंगणवाडी येथेही निरीक्षणाचे उत्तम काम होऊ शकते. प्रत्येक दिवसाची तारीखवार नोंद ठेवावी, त्यात रुग्णाचे किंवा मुलाचे नाव लिहू नये, आणि काम संपल्यावर तासांच्या उल्लेखासह प्रमाणपत्र मागून घ्यावे.

पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक केंद्रीय विद्यापीठे सीयूईटी-पीजी ही परीक्षा ग्राह्य धरतात, तर राज्यातील काही विद्यापीठे स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतात. या परीक्षांत संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र यांवर बरेच प्रश्न असतात, आणि मुलाखत असेल तेथे 'तुम्ही स्वतः केलेला एखादा प्रयोग सांगा' हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा सही झालेली सर्व जर्नले, प्रकल्प अहवाल, कार्यप्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि सहा सत्रांच्या गुणपत्रिका एका फाइलमध्ये ठेवाव्यात, आणि अर्जांच्या तारखा पाचव्या सत्रातच वहीत उतरवून घ्याव्यात, कारण काही ठिकाणी शेवटच्या सत्राचे वर्ग चालू असतानाच मुदत संपते.